चार इंचांचा चढ, साडेतीन फुटांचा फरक

रत्नागिरी-सिंधुदुर्गात गोल्फ खेळायचं म्हणजे बहुतेकांसाठी मोबाइल, लॅपटॉप नाहीतर प्लेस्टेशनवरच. पावसाने बाहेरचं क्रिकेट बंद पाडलं की या खेळात वेळ छान जातो. लांबचे फटके पोरं चटकन शिकतात. घोडं अडतं ते ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, होल पंधरा-वीस फुटांवर आलं की. तिथे खेळ आपल्याला दोन वेगळ्या गोष्टी सांगत असतो आणि आपण त्यांची गल्लत करतो. एक म्हणजे चेंडू आणि होल यांच्या उंचीतला फरक, दुसरी म्हणजे मधल्या जमिनीचा उतार. उंची सांगते जोर किती लावायचा, आडवा उतार सांगतो नेम कुठे धरायचा.

गुहागरला घरी पडवीत बसून पुतण्या खेळत होता. पडद्यावर अंतर 20 फूट, शेजारी वरच्या दिशेचा बाण आणि 4 इंच. त्याने 20 फुटांचाच जोर लावला आणि चेंडू साडेतीन-चार फूट अलीकडेच थांबला. "काका, चारच इंच तर चढ आहे!" म्हणाला. त्याचं म्हणणं रास्त होतं. वीस फुटांत चार इंच म्हणजे दोन टक्क्यांहूनही कमी चढ, डोळ्याला जेमतेम दिसेल इतका.

पण चेंडूचा हिशेब वेगळा आहे. कापलेल्या गवतावर घरंगळणाऱ्या चेंडूला गवताचा विरोध फार कमी असतो. तो किती, हे मोजायचं साधन आहे स्टिम्पमीटर. 1935 सालची यूएस ओपन ही गोल्फ स्पर्धा पाहून एडवर्ड स्टिम्पसन या अमेरिकी गोल्फपटूला ते सुचलं. ही साधारण तीन फूट लांबीची, खाच असलेली पट्टी. तिच्यावर चेंडू ठेवून एक टोक हळूहळू उचलायचं. सुमारे 20 अंशांना चेंडू सुटतो आणि सेकंदाला 1.83 मीटर वेगाने ग्रीनवर उतरतो. सपाट जागी तो जितके फूट जाईल तो त्या ग्रीनचा आकडा. आकडा 10 असेल तर चेंडू 10 फूट, म्हणजे 3.05 मीटर गेला. यावरून गणित मांडलं की दिसतं, चेंडूचा वेग दर सेकंदाला फक्त 0.55 मीटर प्रति सेकंद इतकाच घटतो. गुरुत्वाकर्षण याच्या जवळजवळ 18 पट आहे. म्हणून उंचीचा एकेक इंच इतका महाग पडतो.

किती महाग, तेही काढता येतं. घरंगळणाऱ्या चेंडूची काही ऊर्जा पुढे जाण्यात असते, काही स्वतःभोवती फिरण्यात. दोन्ही धरून हिशेब केला की 10 आकड्याच्या ग्रीनवर 1 इंच चढायला लागणारी ऊर्जा सपाटीवरच्या सुमारे 13 इंचांच्या प्रवासाइतकी भरते. म्हणजे इंचाला फूट! वीस फूट आणि चार इंच चढ असेल तर चोवीस फुटांचा जोर. उतारावर तितकेच फूट वजा. खेळात ग्रीनचा वेग बदलता येत असेल तर हिशेबही बदलायचा: 8 च्या संथ ग्रीनवर इंचामागे 10 इंच, 13 च्या वेगवान ग्रीनवर जवळपास 17. प्रत्येक खेळाचं गणित अगदी असंच असेल असं नाही, पण भौतिकशास्त्राला धरून चालणाऱ्या खेळात सुरुवात इथून करावी.

चढ आणि उतार यांत एक फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. सपाट ग्रीनवर 3 मीटर जाणारा चेंडू तेवढ्याच वेगाने 2 टक्के चढावर मारला तर 2.4 मीटरवर थांबतो, 2 टक्के उतारावर मात्र 4 मीटर जातो. उतारावरची चूक मोठी होत जाते. जवळपास 8 टक्के उतार असला तर 10 आकड्याच्या ग्रीनवर चेंडू थांबतच नाही.

आता दिशा. बऱ्याच खेळांत ग्रीनवर जाळी दिसते आणि तिच्या रेघांवरून ठिपके सरकतात. ठिपके ज्या बाजूला जातात तो उतार, जितके जोरात तितका तो तीव्र. आपल्याकडचा कातळसडा उन्हाळ्यात सपाट दिसतो, पण पहिल्या मोठ्या पावसात पाणी धावायला लागलं की त्याचा खरा उतार कळतो. ठिपके हेच काम करतात. पाणी मात्र सरळ उताराने निघून जातं, चेंडूला स्वतःचा वेग असतो. वेग आहे तोवर तो उताराला फारसा जुमानत नाही.

म्हणून सगळे ठिपके सारखे महत्त्वाचे नसतात. 10 आकड्याच्या ग्रीनवर 3 मीटरचा फटका पाहा: पहिला दीड मीटर चेंडू एका सेकंदात पार करतो, उरलेल्या दीड मीटरला सुमारे 2.3 सेकंद घेतो. आडव्या उताराला वेळ मिळतो तो इथे. एकूण वळणापैकी जेमतेम सातवा हिस्सा पहिल्या निम्म्या अंतरात होतो, बाकी सगळं शेवटी. पुतण्या चेंडूजवळचे ठिपके निरखत होता. नजर होलच्या अलीकडच्या पाच-सहा फुटांवर हवी.

जोरात मारून वळणच टाळावं, असंही काही जण करतात. त्याची किंमत ब्रायन होम्स या भौतिकशास्त्रज्ञाने 1991 साली मोजून दाखवली. होल 108 मिलिमीटर रुंदीचं. सपाट ग्रीनवर अगदी मधोमध आलेला चेंडूही सेकंदाला 1.63 मीटरपेक्षा वेगात असला तर आत न पडता पलीकडे जातो. मध्य जरा चुकला की ही मर्यादा आणखी खाली येते. वेग वाढवला की होल जणू अरुंद होतं.

उंचीचा आकडा एका जागी मात्र फसवतो. तो फक्त दोन टोकांमधला फरक सांगतो, मधला उंचवटा नाही. समजा 20 फुटांचा फटका आहे, फरक शून्य, आणि 10 फुटांवर 3 इंचांचा उंचवटा. तो पार करायला सुमारे 13 फुटांचा जोर पुरतो, तेव्हा 20 फुटांचा फटका आरामात पलीकडे उतरतो. हाच उंचवटा 18 फुटांवर असेल तर माथा गाठायलाच 21 फुटांहून जास्त जोर हवा. म्हणजे 20 चा आकडा विसरून साधारण 22 चा फटका मारायचा, आणि होल चुकलं तर चेंडू फूट-दोन फूट पुढे जाणार हे धरूनच चालायचं.