गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची थ्री-सी स्टेज आली कुठून?

गर्भाशयमुखाचा कॅन्सर लिम्फ नोडमध्ये, म्हणजे लसिका ग्रंथींमध्ये जातो हे सर्जन लोकांना खूप आधीपासून माहीत होतं. मोठ्या ऑपरेशनमध्ये ओटीपोटातले नोड काढायची पद्धत 1940 च्या दशकातच रुळली, तरी अधिकृत स्टेज, म्हणजे रोग किती पसरलाय त्याची पायरी, 2018 पर्यंत नोड न धरताच ठरत होती. कारण साधं होतं: जिथे स्कॅन नाही तिथेही डॉक्टरला हाताने तपासून स्टेज लिहिता यावी. हेतू चांगलाच होता, पण नोडमध्ये रोग असलेली आणि नसलेली बाई कागदावर एकाच वन-बीमध्ये, म्हणजे पहिल्या स्टेजमध्ये बसायची आणि दोघींचे आकडे एकत्र मोजले जायचे.

2018 ला नियम बदलला. ओटीपोटातला नोड पॉझिटिव्ह असेल तर थेट थ्री-सी-वन, वर महाधमनीजवळचा असेल तर थ्री-सी-टू, स्कॅनवर दिसला तर पुढे आर आणि पॅथॉलॉजीत सापडला तर पी. खरा गुंता इथेच आहे. दोन सेंटीमीटरचा ट्यूमर आणि एकच नोड असलेली पेशंट एका रिपोर्टने पहिल्या स्टेजवरून तिसऱ्यात जाते, घरचे घाबरतात, रोग मात्र कालच्याइतकाच असतो. आणि ओटीपोटाच्या भिंतीपर्यंत पोचलेला थ्री-बी क्रमाने थ्री-सीच्या खालचा, म्हणजे कमी गंभीर धरला जातो, खरं तर लहान ट्यूमरवाल्या थ्री-सी-वनचे रिझल्ट बरेचदा त्याच्यापेक्षा चांगले येतात. माझं स्पष्ट मत आहे की थ्री-सीसोबत मूळ ट्यूमर केवढा आणि कुठवर गेलाय हे लिहिलंच पाहिजे. त्यात अजून एक बारकावा, नोडमधल्या 0.2 मिमीपर्यंतच्या सुट्या कॅन्सर पेशींनी स्टेज बदलत नाही, 0.2 ते 2 मिमीच्या ठिपक्याने बदलते.



आता नोड तपासताना सगळा भर सेंटिनल नोडवर, म्हणजे कॅन्सर सगळ्यात आधी ज्यात पोचू शकतो त्या नोडवर आहे. गर्भाशयमुखात हिरवा डाय टोचतात, इन्फ्रारेड कॅमेऱ्यात चमकणारी रेघ दोन्ही बाजूंना पहिल्या नोडपर्यंत जाताना दिसते, तेवढेच नोड काढून पातळ काप करून तपासतात. सगळे नोड काढले की काही जणींचे पाय कायमचे सुजतात, चप्पल चढत नाही, ते यात बरंच टळतं. अडचण फ्रोझन सेक्शनची आहे, ऑपरेशन चालू असताना होणाऱ्या त्या तपासणीत बारीक ठिपके निसटतात, मग गर्भाशय काढून झाल्यावर आठवड्याने नोड पॉझिटिव्ह निघतो आणि बाईला ऑपरेशनवर पुन्हा रेडिएशनही घ्यावं लागतं.