एचआयव्ही: रक्ताच्या रिपोर्टमागचं आतडं

नव्वदच्या दशकात सांगली-मिरजेत एचआयव्ही म्हटलं की बोलणं व्हायचं ते रक्त, सुई आणि निरोधचं. १९८६ मध्ये चेन्नईत देशातली पहिली नोंद झाली. १९९२ पासून सांगलीत ‘संग्राम’ संस्थेनं वेश्यावस्तीत काम सुरू केलं. आजारी माणूस मात्र डॉक्टरांना पोटाचं सांगायचा: जुलाब थांबत नाहीत, खाल्लेलं अंगी लागत नाही. कुठलं तरी इन्फेक्शन असेल, असं धरून औषध मिळायचं. पुष्कळदा ते असायचंही.

पण १९८४ मध्येच अमेरिकेत डोनाल्ड कोटलर यांनी एड्सच्या रुग्णांच्या आतड्याचं अस्तर तपासलं होतं. जंतू सापडला नाही तरी अस्तर बिघडलेलं होतं. हा धागा बरीच वर्षं लोंबकळत राहिला. १९९८ मध्ये माकडांवरच्या प्रयोगात दिसलं, की लागण झाल्यावर काही आठवड्यांतच आतड्यातल्या सीडी-फोर पेशींचा, म्हणजे विषाणू मारतो त्या प्रतिकारशक्तीच्या पेशींचा, फडशा पडतो, आणि तेव्हा रक्तातला त्यांचा आकडा बराच बरा असतो. सगळा हिशेब दंडातून काढलेल्या रक्तावर चाललेला, आणि मोठी पडझड पोटात! २००६ मध्ये ब्रेंचली, डूएक आणि सहकाऱ्यांनी पुढची कडी जोडली. आतड्याचा बांध फुटला की जिवाणूंच्या कवचाचे तुकडे रक्तात झिरपतात, प्रतिकारशक्ती सतत चेतलेली राहते, आणि अशा चेतलेल्या पेशीच विषाणूला हव्या असतात.

१ एप्रिल २००४ पासून सरकारी एआरटी, म्हणजे विषाणू दाबणारी औषधं, मोफत मिळू लागली. सुरुवातीला सीडी-फोर २०० च्या खाली गेल्यावर. २०१७ पासून निदान झालं की लगेच. गोळ्यांनी विषाणू दबतो, अस्तर मात्र पुरतं सावरत नाही. म्हणून लवकर सुरुवात महत्त्वाची.

एचआयव्हीमुळे आतड्यातले नेमके कोणते जिवाणू बदलतात, यावर मात्र घोळ झाला. २०१३ च्या सुमारास ‘प्रिव्होटेला’ नावाचा जिवाणू वाढतो म्हणून गाजावाजा झाला. २०१६ मध्ये बार्सिलोनाच्या संशोधकांनी दाखवलं, की त्याचा संबंध एचआयव्हीपेक्षा पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांशी होता, लागण असो वा नसो. शिवाय भाकरी-डाळ-उसळ खाणाऱ्या आपल्या पोटात तो मुळातच भरपूर. तिकडचे निष्कर्ष इकडे जसेच्या तसे लावू नयेत, ते यासाठी.

माझ्या मते आपल्याकडे जास्त मोलाचा भाग योनीमार्गातल्या जिवाणूंचा आहे. ‘अंगावरून पांढरं जातं’ ही तक्रार बायका वर्षानुवर्षं अंगावर काढतात. त्यामागे कधीकधी लॅक्टोबॅसिलस हे उपयोगी जिवाणू घटून गार्डनेरेलासारखे जिवाणू माजलेले असतात, आणि तेव्हा एचआयव्हीच्या लागणीचा धोका वाढतो. दक्षिण आफ्रिकेत लागण टाळण्यासाठी योनीत लावायच्या टेनोफोविर या औषधाच्या जेलनं २०१० मध्ये एकूण ३९ टक्के संरक्षण दिलं होतं. २०१७ मध्ये त्याच चाचणीतल्या बायकांचे नमुने पुन्हा पाहिले, तर लॅक्टोबॅसिलस भरपूर असलेल्यांत ते ६१ टक्के निघालं, इतरांत अवघं १८. गार्डनेरेला औषधच फस्त करत होता. लागण टाळण्यासाठी पोटातून घेतलेल्या गोळीच्या बाबतीत मात्र असा फरक आढळला नाही.