जैवतंत्रज्ञान समूहांचे सीमापार सहकार्य

जैवतंत्रज्ञान आणि जीवविज्ञानावर आधारलेले उद्योग सहसा देशभर विखुरलेले नसतात. एखादे विद्यापीठ, मोठे रुग्णालय किंवा जुनी औषध कंपनी यांच्या आसपास ते दाटीने वाढतात. अशा प्रदेशाला समूह किंवा क्लस्टर म्हणतात. राजकीय सीमेच्या दोन्ही बाजूंना असलेले समूह जेव्हा संशोधक, उपकरणे, रुग्णांवरील चाचण्या, भांडवल आणि प्रशिक्षण यांचा संयुक्तपणे वापर करू लागतात, तेव्हा त्या व्यवस्थेला समूहांचे सीमापार सहकार्य म्हटले जाते. एकमेकांपासून हजारो किलोमीटर दूर असलेल्या समूहांमधील करारही याच नावाने ओळखले जातात. तथापि या नोंदीत मुख्यतः शेजारी प्रदेशांचा विचार केला आहे, कारण सीमेचा जाच आणि सीमा ओलांडण्याचा लाभ हे दोन्ही तिथे रोजच्या रोज अनुभवास येतात.

एकाच धंद्यातले लोक एका जागी जमले की कसब, कारागीर आणि पूरक व्यवसाय यांचा सर्वांनाच फायदा होतो, हे ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शल यांनी १८९० मध्ये मांडले होते. मायकेल पोर्टर या अमेरिकन अभ्यासकाने १९९० मध्ये याच विचाराला क्लस्टर हे नाव देऊन तो धोरणकर्त्यांपर्यंत पोचवला. जैवतंत्रज्ञानाला हा विचार विशेष लागू पडतो. एखादा रेणू प्रयोगशाळेत सापडल्यापासून त्याचे औषध बाजारात येईपर्यंत दहा-पंधरा वर्षे सहज जातात, आणि या वाटेवर प्रथिनांची रचना उलगडणारे, विषबाधेची तपासणी करणारे, पेशींचे निर्जंतुक उत्पादन करणारे आणि नियामकांपुढे कागदपत्रे मांडणारे अशा निरनिराळ्या तज्ज्ञांची गरज लागते. दहा-वीस लाख वस्तीच्या एका प्रदेशात हे सगळे सापडणे कठीण असते. जो तज्ज्ञ आपल्याकडे नाही तो पलीकडच्या गावात, पण दुसऱ्या देशात असतो, या साध्या वस्तुस्थितीतून हे सहकार्य जन्माला येते.

रुग्णसंख्येचे गणितही तितकेच महत्त्वाचे आहे. दर एक लाख लोकांमागे एकाला होणारा आजार घेतला, तर सुमारे ६० लाख वस्तीच्या डेन्मार्कमध्ये त्याचे साठेक रुग्ण निघतील. त्यांतले काही चाचणीच्या निकषांत बसणार नाहीत, काही नकार देतील. उरलेल्या मूठभर रुग्णांवरून औषध गुणकारी आहे की नाही हे ठरवता येत नाही. शेजारच्या देशातील रुग्ण त्याच चाचणीत सामील झाले तरच उत्तर मिळण्याची आशा असते. दुर्मीळ आजारांच्या बाबतीत त्यामुळे सीमापार सहकार्य ही गरज ठरते, सोयीचा प्रश्न राहत नाही.

या प्रकारातील सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे ओरेसुंड सामुद्रधुनीच्या दोन्ही तीरांवरील मेडिकॉन व्हॅली. एका तीरावर डेन्मार्कमधील कोपनहेगन आणि दुसऱ्यावर स्वीडनमधील माल्मो व लुंड ही शहरे आहेत. दोन्ही बाजूंचा वारसा वेगळा आहे. कोपनहेगनमध्ये १९२३ पासून इन्सुलिनचे उत्पादन सुरू झाले आणि त्यातूनच पुढे नोवो नॉर्डिस्क ही कंपनी उभी राहिली. ऑगस्ट क्रोग या डॅनिश शास्त्रज्ञाने त्याआधीच्या वर्षी टोरांटोला भेट देऊन तिथल्या संशोधकांकडून उत्पादनाची परवानगी मिळवली होती. लुंडमध्ये निल्स आल्वाल यांनी १९४६ मध्ये आपले कृत्रिम मूत्रपिंड रुग्णावर वापरले, आणि त्या परंपरेतून १९६४ मध्ये गॅम्ब्रो ही कंपनी निघाली. एकीकडे संप्रेरके, दुसरीकडे वैद्यकीय उपकरणे, असे हे एकमेकांना पूरक ठरणारे जोड होते.

या प्रदेशाच्या सहकार्यासाठी मेडिकॉन व्हॅली अकॅडमी ही संस्था १९९७ मध्ये स्थापन झाली आणि २००७ मध्ये तिचे नाव मेडिकॉन व्हॅली अलायन्स झाले. विद्यापीठे, रुग्णालये, कंपन्या आणि प्रादेशिक प्रशासने तिचे सभासद आहेत. इथे वर्षांचा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे: दोन्ही तीरांना जोडणारा, पूल, कृत्रिम बेट आणि बोगदा असा मिळून सुमारे १६ किलोमीटरचा मार्ग जुलै २००० मध्ये खुला झाला, म्हणजे माणसे एकत्र आल्यावर तीन वर्षांनी. पुलाने सहकार्य निर्माण केले असे अनेकदा लिहिले जाते, ते बरोबर नाही. पुलाने जे केले ते वेगळे आणि कदाचित अधिक मोलाचे होते: माल्मोत राहून कोपनहेगनमधील प्रयोगशाळेत रोज कामाला जाणे शक्य झाले.

हे रोजचे जाणे-येणे किती नाजूक असते ते २०१६ मध्ये दिसून आले. निर्वासितांच्या मोठ्या ओघानंतर स्वीडनने त्या वर्षीच्या जानेवारीपासून डेन्मार्कहून येणाऱ्या प्रवाशांची ओळखपत्रे तपासण्याची जबाबदारी वाहतूक कंपन्यांवर टाकली. संध्याकाळी कोपनहेगनहून घरी परतणाऱ्या संशोधकाला विमानतळाजवळच्या कास्ट्रुप स्थानकावर गाडी बदलावी लागे, फलाटावर ओळखपत्र दाखवावे लागे, आणि सामुद्रधुनी ओलांडल्यावर ह्युली स्थानकात पोलीस पुन्हा डब्यातून फिरत. ओळखपत्रांची ही सक्ती मे २०१७ मध्ये उठली. प्रयोगशाळेतील कामाला ठरावीक वेळ नसते. पेशींना दुसऱ्या दिवशी सकाळी अन्नद्रव्य द्यायचे असेल तर कोणीतरी हजर राहावेच लागते. अशा कामात प्रवासाचा अर्धा तास वाढणे ही किरकोळ बाब म्हणता येत नाही.

मोठ्या कंपनीने पाठ फिरवली की काय होते, याचा धडाही याच प्रदेशाने दिला. ॲस्ट्राझेनेकाने लुंडमधील सुमारे ९०० कर्मचाऱ्यांचे संशोधन केंद्र बंद करण्याचे २०१० मध्ये जाहीर केले. उद्योजक मॅट्स पॉलसन यांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या प्रतिष्ठानाने ती जागा घेतली, आणि २०१२ मध्ये तिथे मेडिकॉन व्हिलेज हे विज्ञान उद्यान सुरू झाले. रिकाम्या झालेल्या प्रयोगशाळांत छोट्या कंपन्या आल्या. समूहाची खरी ताकद एका कंपनीच्या आकारात नसून आसपास टिकून राहिलेल्या कुशल माणसांत असते, हे या घटनेइतके स्पष्टपणे क्वचितच दिसते.

लुंडमध्येच मॅक्स फोर ही तीव्र क्ष-किरणांची प्रयोगशाळा जून २०१६ पासून सुरू आहे, तर युरोपियन स्पॅलेशन सोर्स या न्यूट्रॉन स्रोताचे बांधकाम २०१४ मध्ये हाती घेण्यात आले. न्यूट्रॉन स्रोताचे यजमानपद स्वीडन आणि डेन्मार्क यांच्याकडे संयुक्तपणे असून यंत्र लुंडमध्ये आणि माहिती हाताळणारे केंद्र कोपनहेगनमध्ये अशी विभागणी आहे. प्रथिनाच्या स्फटिकावर क्ष-किरण सोडले की बहुतेक अणूंच्या जागा कळतात, पण हायड्रोजन त्यांना नीट दिसत नाही. न्यूट्रॉनांना तो दिसतो. औषधाचा रेणू प्रथिनाला नेमका कसा चिकटतो हे समजण्यासाठी ही दोन्ही साधने शेजारी-शेजारी असणे ही मोठी गोष्ट आहे, आणि न्यूट्रॉन स्रोतासारखे महागडे यंत्र एका लहान देशाने एकट्याने उभारणे जवळपास अशक्य असते.

दुसरे महत्त्वाचे उदाहरण वरच्या ऱ्हाईन खोऱ्यातील बायोव्हॅली हे आहे. इथे स्वित्झर्लंडमधील बाझेल, जर्मनीतील फ्रायबुर्ग आणि फ्रान्समधील आल्सास प्रांतातले स्ट्रासबर्ग अशा तीन देशांच्या सीमा एकत्र येतात. बाझेलमधील सिबा-गायगी आणि सँडोझ या दोन कंपन्यांच्या विलीनीकरणाची घोषणा मार्च १९९६ मध्ये झाली, नोव्हार्टिस अस्तित्वात आली, आणि अनेक नोकऱ्या जाणार हे उघड झाले. गेओर्ग एन्ड्रेस आणि हान्स ब्रिनर यांनी त्याच वर्षी बायोव्हॅलीची कल्पना पुढे मांडली. मोकळे होणारे तज्ज्ञ प्रदेश सोडून जाण्याऐवजी इथेच नवे उद्योग काढतील, अशी त्यामागची अपेक्षा होती.

या खोऱ्यातले विज्ञान मात्र त्याहून कितीतरी आधीपासून सीमा ओलांडत होते. गेओर्गेस केलर या जर्मन तरुणाने फ्रायबुर्ग विद्यापीठाची डॉक्टरेट १९७४ मध्ये मिळवली, पण तिच्यासाठीचे प्रयोग बाझेलच्या रोगप्रतिकारशास्त्र संस्थेत केले. रोश या कंपनीने चालवलेल्या त्या संस्थेचे संचालक नील्स येर्ने हे डॅनिश होते. केलर पुढे केंब्रिजला सेझार मिलस्टीन यांच्याकडे गेले, तिथे १९७५ मध्ये एकाच प्रकारची प्रतिपिंडे अखंड तयार करणाऱ्या पेशींची पद्धत त्यांनी शोधली, आणि १९८४ चे नोबेल पारितोषिक येर्ने, केलर व मिलस्टीन या तिघांना विभागून मिळाले. त्याच वर्षी केलर फ्रायबुर्गमधील माक्स प्लांक संस्थेचे संचालक झाले. कर्करोगावरील आणि संधिवातावरील आजच्या कितीतरी औषधांचे मूळ या पद्धतीत आहे.

ऱ्हाईन खोऱ्याची अडचण ओरेसुंडपेक्षा गुंतागुंतीची आहे, कारण स्वित्झर्लंड युरोपीय संघाचा सभासद नाही. बाझेल आणि फ्रान्समधील मुलूझ यांचा सामायिक विमानतळ फ्रान्सच्या भूमीवर आहे आणि स्वित्झर्लंडला सीमाशुल्काच्या कक्षेत राहणाऱ्या स्वतंत्र रस्त्याने जोडलेला आहे. १९४९ च्या करारावर चालणारी ही व्यवस्था सीमा किती कल्पकतेने हाताळता येते याचा उत्तम नमुना आहे. याउलट २६ मे २०२१ रोजी संघाचा वैद्यकीय उपकरणांविषयीचा नवा नियम लागू झाला, त्या क्षेत्रातील परस्पर मान्यतेचा करार अद्ययावत झाला नाही, आणि स्विस उत्पादकांना संघात माल विकण्यासाठी तिथे अधिकृत प्रतिनिधी नेमावा लागू लागला. उपकरण तेच, कारखाना तोच, ग्राहक नदीपलीकडचा. बदलली ती फक्त कागदावरची स्थिती. त्याच वर्षी स्वित्झर्लंड संघाच्या होरायझन युरोप या संशोधन कार्यक्रमाच्या सहयोगी देशांतूनही बाहेर पडले, आणि २०२५ पासून ते पुन्हा त्यात आले. मधल्या काळात बाझेलच्या संशोधकाला संयुक्त प्रकल्पाचे नेतृत्व करणे अवघड झाले होते.

प्रत्यक्ष काम कुठे अडते, हे एका खोक्याकडे पाहिल्यास कळते. थर्माकोलच्या जाड भिंतींचे खोके, आत शून्याखाली ७८ अंशांवर असलेला कोरडा बर्फ, आणि त्यात गोठवलेल्या ऊतकांच्या बारीक कुप्या. खोक्यावर जैविक पदार्थ दर्शवणारी यूएन ३३७३ ही चौकोनी खूण टोकावर उभी करून लावलेली असते, आणि कोरड्या बर्फाची यूएन १८४५ ही वेगळी नोंद वजनासह असते. बाझेलहून फ्रायबुर्गला ते मोटारीने तासाभरात पोचू शकते. पण त्याआधी नमुना कोणाच्या मालकीचा, कशासाठी वापरायचा आणि त्यातून पेटंट निघाले तर कोणाचे, हे ठरवणारा हस्तांतरण करार दोन्ही संस्थांच्या कायदा विभागांतून जावा लागतो; रुग्णाने दिलेली संमती परदेशातील वापराला पुरते की नाही हे तपासावे लागते; सीमाशुल्काचे कागद भरावे लागतात. स्वीडनच्या २००२ च्या जैवपेढी (म्हणजे रुग्णांचे नमुने जपून ठेवणारा संग्रह) कायद्यात परदेशी पाठवलेला नमुना काम संपल्यावर परत आणावा किंवा नष्ट करावा अशी अट होती. तासाभराच्या वाटेसाठी लागणारी ही तयारी महिनोन्महिने चालू शकते. कोरडा बर्फ मात्र वाट पाहत नाही. तो उडून जातो.

माणसांच्या बाबतीत कर आणि सामाजिक विमा हे कळीचे प्रश्न आहेत. युरोपीय नियमांनुसार कर्मचाऱ्याचा विमा एकाच देशात असतो, आणि राहत्या देशात त्याने २५ टक्के किंवा त्याहून अधिक काम केले तर तो विमा त्या देशाकडे जातो. म्हणजे आठवड्यातून दोन दिवस घरी बसून निष्कर्षांचे विश्लेषण करणाऱ्या संशोधकामुळे त्याच्या मालकाला दुसऱ्या देशाच्या विमा यंत्रणेशी व्यवहार करावा लागू शकतो. घरून काम करण्याची पद्धत रुळल्यावर ही मर्यादा जाचक ठरू लागली, म्हणून जुलै २०२३ पासून लागू झालेल्या एका करारान्वये, सही करणाऱ्या देशांमध्ये ५० टक्क्यांच्या आतील काम घरून केले तरी विमा मालकाच्या देशातच राहू शकतो. जर्मनी, फ्रान्स व स्वित्झर्लंड त्यात आहेत.

चाचण्यांच्या परवानगीत मोठी सुधारणा झाली आहे. संघातील अनेक देशांत एकाच वेळी करायच्या औषधचाचणीसाठी पूर्वी प्रत्येक देशात स्वतंत्र अर्ज करावा लागे. ३१ जानेवारी २०२२ पासून सामायिक संकेतस्थळावर एकच अर्ज करता येतो. रुग्णांच्या माहितीबाबत चित्र इतके सरळ नाही. २०१८ पासून लागू असलेला गोपनीयतेचा नियम साऱ्या संघाला एकच असला, तरी संशोधनासाठीच्या सवलतींचा अर्थ देशोदेशी वेगळा लावला जातो.

पैशाचा मुख्य स्रोत म्हणजे १९९० मध्ये सुरू झालेला संघाचा इंटररेग कार्यक्रम. मेडिकॉन व्हॅली आणि बायोव्हॅली या दोघांनाही सुरुवातीला त्याचा आधार मिळाला. या निधीचा एक दोष नोंदवायला हवा: तो प्रकल्पांना ठरावीक मुदतीसाठी मिळतो, तर ओळखी आणि विश्वास जमायला त्याहून जास्त वर्षे लागतात. मुदत संपल्यावर सभासद कंपन्यांनी वर्गणी भरून संस्था चालू ठेवली, तरच तिचा उपयोग त्यांना पटला असे म्हणता येईल. परिषदा, माहितीपत्रके आणि सामायिक बोधचिन्हे यांच्या संख्येवरून यश मोजण्याची प्रथा त्यामुळे दिशाभूल करणारी आहे. शिवाय हे समूह एकमेकांचे स्पर्धकही असतात. नवी कंपनी कोणत्या तीरावर नोंदवली जाते, कर कोणाला मिळतो, हे प्रत्येक प्रशासनाला पाहावेच लागते, आणि गुंतवणूकदाराला बोलावताना संयुक्त प्रदेशाचे नाव घेणारे अधिकारी वाटाघाटीत आपलीच बाजू पुढे करतात.

इतर उदाहरणांत, बाल्टिक समुद्राभोवतीच्या देशांना जोडणारे स्कॅनबाल्ट हे जाळे २००१ पासून आहे. त्याचा विस्तार इतका मोठा आहे की रोजच्या ये-जा करण्याचा प्रश्नच येत नाही; भर साहजिकच माहितीच्या देवघेवीवर राहतो. मास्ट्रिख्ट, आखेन आणि लिएज या तीन देशांतील शहरांच्या परिसरात विद्यापीठे व रुग्णालये यांच्या सहकार्याला अधिक महत्त्व आहे. अमेरिकेतील सॅन डिएगो आणि मेक्सिकोतील तिहुआना यांचे नाते वेगळ्या धर्तीचे आहे: संशोधन एका बाजूला आणि वैद्यकीय उपकरणांची जुळणी दुसऱ्या बाजूला, असे ते मजुरीच्या दरांतील फरकावर उभे आहे.

शिक्षणाच्या क्षेत्रात वरच्या ऱ्हाईन खोऱ्याने सर्वांत पुढची मजल मारली. बाझेल, फ्रायबुर्ग, स्ट्रासबर्ग, मुलूझ आणि कार्ल्सरूह येथील पाच विद्यापीठांचा युकॉर हा संघ १९८९ पासून आहे, आणि २०१५ मध्ये त्याला युरोपीय कायद्यानुसार स्वतंत्र संस्थेचे स्थान मिळाले. एका विद्यापीठात नाव नोंदवलेल्या विद्यार्थ्याला उरलेल्या चार ठिकाणचे वर्ग जादा शुल्क न देता करता येतात. फ्रायबुर्गला नाव आणि बाझेलला प्रयोग ही केलर यांनी १९७० च्या दशकात घेतलेली वाट आज तिथल्या जीवविज्ञानाच्या विद्यार्थ्याला आपल्या ओळखपत्रावर खुली आहे.