फोटोत आकाशावर काळे ठिपके दिसतात? सेन्सरला हात लावण्याआधी हे वाचा

थंडीत नांदूर मध्यमेश्वरला पक्षी उतरले की आमच्या कॅमेरा-दुकानात एकच तक्रार येते : "आकाशात काळे ठिपके येतायत, लेन्स गेली वाटतं." बहुतेक वेळा लेन्स ठणठणीत असते. पाण्याकाठच्या वाऱ्यात घाईघाईने लेन्स बदलताना धूळ आत शिरते आणि सेन्सरवर, म्हणजे फोटो टिपणाऱ्या चिपवर, बसते. घरच्या घरी काय करता येईल आणि कुठे थांबायचं, ते सांगण्यासाठी हे पत्रक.

आधी खात्री करा

अॅपर्चर (लेन्समधलं प्रकाशाचं छिद्र; एफचा आकडा जितका मोठा तितकं छिद्र लहान) एफ १६ किंवा एफ २२, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १००, फोकस मॅन्युअलवर आणि मुद्दाम बिघडवलेला. आता पांढऱ्या भिंतीचा किंवा निरभ्र आकाशाचा फोटो काढा. शटर मंद पडलं तरी हरकत नाही, उलट कॅमेरा थोडा हलवाच. भिंतीवरचे डाग त्यात पुसले जातात, सेन्सरवरचा कण मात्र कॅमेऱ्याबरोबरच हलतो, म्हणून तो जागच्या जागी दिसतो. फोटो कॉम्प्युटरवर मोठा करून कोपऱ्यांपर्यंत तपासा.

मग हाच फोटो एफ २.८ ला काढून बघा. ठिपके जवळजवळ नाहीसे होतील. कारण धूळ प्रत्यक्ष सेन्सरवर नसते, त्याच्या पुढच्या काचेच्या फिल्टरवर असते. अॅपर्चर मोठं असलं की प्रकाश अनेक बाजूंनी येतो आणि कणाची सावली विरून जाते. लहान असलं की सावली गडद पडते. म्हणून हॉलमध्ये एफ २.८ ला लग्नं काढणाऱ्याला वर्षभर काही जाणवत नाही आणि ब्रह्मगिरीचं निसर्गचित्र एफ १६ ला काढणारा हैराण होतो. तुमच्या कामात ठिपके दिसतच नसतील तर सफाई करू नका, असंच आम्ही सांगू. डीएसएलआरच्या (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्याच्या) व्ह्यूफाइंडरमध्ये, म्हणजे डोळा लावून बघायच्या खिडकीत, दिसणारा पण फोटोत न येणारा कण फोकसिंग स्क्रीनवर किंवा आरशावर असतो. त्याने फोटो बिघडत नाही.

घरी एवढंच करा : हवा मारा

मेनूमधली सेन्सर क्लीनिंगची सोय आधी दोन-तीनदा चालवा. सेन्सरपुढची काच कंप पावते आणि सैल धूळ झटकली जाते. तेवढ्याने भागलं नाही तर रबरी ब्लोअर घ्या.

खोलीची फरशी ओल्या फडक्याने पुसा, पंखा बंद करा आणि अर्धा तास धूळ खाली बसू द्या. बॅटरी पूर्ण चार्ज हवी. डीएसएलआरमध्ये आरसा वर धरून ठेवण्याची सोय मेनूत असते, ती वापरा. बल्ब मोडवर हे काम करू नका; बटणावरून बोट सुटलं की शटर मिटतं. काही मिररलेस (बिनआरशाच्या) कॅमेऱ्यांत बंद केल्यावर शटरचा पडदा सेन्सरपुढे येतो. तो पडदा अतिशय नाजूक असतो. त्यावर बोट नको आणि जवळून हवाही नको.

ब्लोअर आधी बाहेरच चार-पाच वेळा दाबा, म्हणजे त्याच्या पोटातली धूळ निघून जाईल. लेन्स काढून कॅमेऱ्याचं तोंड जमिनीकडे धरा. ब्लोअरचं टोक माउंटच्या (लेन्स बसते त्या कड्याच्या) बाहेरच ठेवून आठ-दहा वेळा हवा मारा. लेन्सची मागची बाजू आणि बॉडी कॅपही (लेन्स नसताना कॅमेऱ्याला लावायचं झाकण) साफ करा. पुष्कळदा धूळ तिथूनच परत आत जाते. मग पुन्हा एफ १६ ला चाचणी घ्या.

ठिपका नेमका कुठे आहे ते शोधताना लक्षात ठेवा : कॅमेऱ्याकडे समोरून पाहिलं तर फोटोत वर दिसणारा ठिपका सेन्सरच्या खालच्या भागात असतो. डावं-उजवं मात्र तसंच राहतं.

हे मुळीच नको

तोंडाने फुंकर मारू नका, थुंकीचे थेंब उडतात. डब्यातल्या दाबाच्या हवेतून द्रव उडून काचेवर डाग पडतात. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा तर अजिबात नको, तिच्यात पाणी आणि तेल दोन्ही असू शकतं. कान साफ करायचे कापूसबोळे, चष्म्याचं फडकं, अत्तर, मोबाइलच्या स्क्रीनचं लिक्विड, यांतलं काहीही आत जाऊ देऊ नका. धुळीचा कण दाबून घासला की चरा पडतो. मग फिल्टरच बदलावा लागतो आणि तो खर्च सफाईच्या कितीतरी पट असतो. टेबलावर असा कॅमेरा आला की आम्हालाच वाईट वाटतं.

हवेने न निघालेले डाग

तेलाचे शिंतोडे, परागकण आणि वाळलेला ओलावा चिकटून बसतात. त्यासाठी ओला स्वॅब (सफाईची चपटी, कापड लावलेली काडी) लागतो : फुल फ्रेमला (मोठ्या सेन्सरला) २४ मिमी, एपीएस-सीला (त्याहून लहान सेन्सरला) साधारण १६ मिमी रुंदीचा. एक बाजू एकदाच एका दिशेने फिरवायची, दुसऱ्या बाजूने परत यायचं आणि स्वॅब टाकून द्यायचा. तोच पुन्हा फिरवला तर निघालेली धूळच काचेवर घासली जाते. बॉडीतच स्टॅबिलायझेशन (हात हलला तरी फोटो स्थिर ठेवण्याची सोय) असलेल्या कॅमेऱ्यात सेन्सर तरंगता असतो, तिथे हात आणखी हलका हवा. पहिल्यांदा करत असाल तर दुकानात येऊन आमच्या शेजारी उभं राहून बघा. शिकवायचे पैसे आम्ही घेत नाही.

रंगपंचमीला रहाडीजवळ (रंगाच्या पाण्याच्या हौदाजवळ) फोटो काढताना आत रंग गेला असेल तर घरी काहीच करू नका, हवाही मारू नका. ओलावा लागला की रंग चिकटतो. कॅमेरा बंद करा, लेन्स काढू नका आणि तसाच आमच्याकडे घेऊन या.

सफाईसाठी येताना चाचणीचा फोटो कार्डवर असू द्या. आधीचा आणि नंतरचा फोटो शेजारी ठेवून तुमच्यासमोर दाखवू, मगच कॅमेरा हातात देऊ.