एसएसडीआय की एसएसआय? चिंताविकारासाठी अर्ज करण्याआधी

अमेरिकेत चिंताविकारामुळे काम करणं अशक्य झालं की माणूस सोशल सिक्युरिटी या सरकारी खात्याकडे वळतो, आणि पहिल्याच पायरीवर एसएसडीआय (नोकरीत भरलेल्या करावर मिळणारा अपंगत्व विमा) आणि एसएसआय (गरजूंसाठीची मासिक मदत) यांत गोंधळतो. गोंधळ स्वाभाविक आहे. दोन्ही योजना एकच खातं चालवतं आणि मोठ्या माणसांसाठी अपंगत्वाची व्याख्याही एकच आहे: आजार किमान 12 महिने टिकलेला किंवा टिकेल असा हवा आणि त्यामुळे पुरेशा कमाईचं काम जमत नसलं पाहिजे. 2025 मध्ये या कमाईची मर्यादा महिना 1,620 डॉलर होती.

एसएसडीआय हा विमा आहे. पगारातून कापला जाणारा सोशल सिक्युरिटी कर म्हणजे त्याचा हप्ता. केलेलं काम क्रेडिटमध्ये मोजतात: 2025 च्या दराने 1,810 डॉलर कमाईला एक क्रेडिट, वर्षाला जास्तीत जास्त 4. वय 31 किंवा त्याहून जास्त असेल तर शेवटच्या 10 वर्षांत साधारण 20 क्रेडिट लागतात; तरुणांना कमी चालतात. बँकेत किती पैसे आहेत, जोडीदार किती कमावतो, हे इथे कुणी विचारत नाही.

एसएसआयचं नेमकं उलटं. कामाची अट नाही, पण गरज सिद्ध करावी लागते. एकट्याकडे 2,000 आणि जोडप्याकडे 3,000 डॉलरच्या वर मालमत्ता चालत नाही. राहतं घर आणि एक गाडी त्यात धरत नाहीत. जोडीदाराची कमाई मात्र हिशोबात येते. 2025 मध्ये एकट्या माणसाला केंद्राकडून जास्तीत जास्त 967 डॉलर महिना मिळत. नागरिक नसलेल्यांसाठी तर एसएसआयचे नियम फारच कडक आहेत. नुसतं ग्रीन कार्ड असून सहसा भागत नाही.

चिंताविकाराच्या माणसाला यात एक खास धोका आहे. हा आजार हळूहळू नोकरी खातो. आधी मीटिंग टाळल्या जातात, मग रजा वाढतात, मग अर्धवेळ काम, मग राजीनामा. "बरं वाटलं की परत सुरू करू" म्हणत वर्षं जातात. पण काम थांबल्यावर एसएसडीआयचं विमाकवच साधारण पाच वर्षांत संपतं. त्यानंतर अर्ज केला, तर कवच असतानाच आपण काम करण्याच्या स्थितीत नव्हतो हे जुन्या नोंदींवरून दाखवावं लागतं, आणि ज्याने त्या काळात डॉक्टरच टाळले त्याच्याकडे नोंदी नसतात. एसएसआयकडे जावं तर जोडीदाराचा पगार आड येतो. म्हणून माझं कळकळीचं सांगणं: 12 महिने पूर्ण होईपर्यंत थांबण्याची सक्ती नाही. आजार लांबणार असं डॉक्टर म्हणत असतील तर लगेच अर्ज करा.

वैद्यकीय कसोटी मात्र दोन्हीकडे सारखीच. सोशल सिक्युरिटीच्या आजारांच्या यादीतला क्रमांक 12.06 चिंताविकार आणि ओसीडीचा (तेच विचार, त्याच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणारा आजार). लक्षणांची नोंद तर हवीच, पण चार क्षमताही तपासतात: समजून घेऊन लक्षात ठेवणं, लोकांशी वागणं, एकाग्रतेने काम पुढे नेणं, आणि बदलांशी जुळवून घेत स्वतःला सांभाळणं. यांपैकी एकीत टोकाची किंवा दोहोंत ठळक मर्यादा दिसली पाहिजे. किमान दोन वर्षांचा गंभीर आजार आणि सततचा उपचार असेल तर आणखी एक वाट आहे. यादीत बसला नाहीत तरी तुम्ही कोणतंही काम नियमित करू शकाल का, हे पाहिलं जातं.

इथेच बहुतेक अर्ज कच्चे पडतात. रोजच्या जगण्याबद्दलच्या फॉर्ममध्ये विचारतात: बाहेर एकटे जाता का? खरेदी करता का, किती वेळ लागतो? लोक "हो, करतो" एवढंच लिहितात. खरं असं असतं की बहीण सोबत असली तरच जातो, गर्दी नसलेली वेळ गाठतो, बिलाच्या रांगेत छाती धडधडली की सामान तिथेच टाकून बाहेर येतो, आणि पुढचा दिवस अंथरुणात जातो. हेच लिहायचं. ते वाढवून सांगणं नव्हे. थेरपिस्टलाही हे सांगा, म्हणजे त्यांच्या नोंदींत "ठीक आहे" एवढंच उरणार नाही.

मंजुरीनंतरही वाटा वेगळ्या होतात. एसएसडीआयमध्ये पहिल्या पूर्ण पाच महिन्यांचे पैसे सहसा मिळत नाहीत आणि मेडिकेअर हा सरकारी आरोग्य विमा मिळायला लाभ सुरू झाल्यापासून 24 महिने लागतात. एसएसआयसोबत बहुतेक राज्यांत मेडिकेड, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी आरोग्य विमा, मिळतं. थेरपी आणि औषधं चालू ठेवायची असतील तर हा फरक रकमेइतकाच मोठा आहे. एसएसडीआयची रक्कम फारच कमी बसली आणि बचतही नसली तर दोन्ही एकत्र मिळू शकतात, त्यामुळे अर्ज करताना दोन्हींबद्दल विचारा.

नकार आला तर अपिलाला 60 दिवस असतात. निकालाच्या पत्राचं पाकीट उघडायचीच भीती वाटत असेल, तर ते उघडायचं काम घरातल्या कुणाकडे तरी आधीच सोपवून ठेवा.