बिब्बा उतणे

बिब्ब्याचे तेल अंगाला लागून कातडीवर येणारी सूज, पुरळ, पाण्याचे फोड आणि असह्य खाज यांना मराठीत ‘बिब्बा उतणे’ म्हणतात. वैद्यकाच्या दृष्टीने हा ॲलर्जीमुळे होणारा स्पर्शजन्य त्वचादाह होय.

बिब्बा (संस्कृत भल्लातक, शास्त्रीय नाव सेमेकार्पस ॲनाकार्डियम) हा आंबा-काजूच्या कुळातला, पानझडी जंगलात वाढणारा वृक्ष. त्याच्या काळ्या बीच्या कवचात दाट, जहाल तेल असते. आतला गर म्हणजे डिंकाच्या लाडवांत पडणारी गोडंबी. स्वच्छ सोललेली गोडंबी सहसा बाधत नाही. भोगावे लागते ते बिब्बे फोडणाऱ्या हातांना. पायात मोडलेल्या काट्यावर किंवा टाचेच्या भेगांवर तापवलेल्या बिब्ब्याचा चटका देण्याची रीत खेड्यांतून होती, आणि पुष्कळांना बिब्बा उततो तो या उपचारातूनच.

तेलातली भिलावनॉल ही द्रव्ये कातडीत मुरून तिथल्या प्रथिनांना चिकटतात. शरीर त्यांना परके ठरवते. पण ही ओळख पटायला दहा-बारा दिवस लागतात. म्हणून पहिल्या वेळी काही होत नाही आणि पुढच्या वेळी एक-दोन दिवसांत अंग उठते. ‘आजवर कधी उतला नव्हता’ ही तक्रार त्यामुळे खोटी नसते. याखेरीज दाट तेलाने कातडी थेट भाजते, ती गोष्ट वेगळी.

धोबी कपड्यांवर खुणा करायला हेच तेल वापरत, कारण ते धुतल्याने जात नाही. वाळलेली खूणही बाधते: मानेमागे, कमरेला, जिथे खूण टेकेल तिथे. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकन सैनिकांत हा विकार दिसला व 1943 साली त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. त्यांच्याकडच्या पॉयझन आयव्ही या वेलीतली द्रव्ये बिब्ब्यातल्या द्रव्यांची जवळची नातेवाईक आहेत.

तेल लागल्यास काही मिनिटांत साबण आणि भरपूर पाण्याने धुणे हाच खरा उपाय. नखे, कपडे, सुरी हेही धुवावे, नाहीतर तेच तेल पुन्हा अंगाला लागते. खोबरे खाण्याचा व खोबरेल चोळण्याचा घरगुती उपाय सर्वत्र ऐकू येतो. खोबरेलाने कोरडी कातडी मऊ पडते, पण मुरलेले तेल निघत नाही. तेव्हा आधी साबण, खोबरेल नंतर. ओल्या फोडांवर गार पाण्याच्या पट्ट्या आणि कॅलामाइन लोशन लावावे. खाजेच्या गोळ्यांनी झोप लागते एवढेच. त्या गोळ्या हिस्टामिन या शरीरातल्या खाज आणणाऱ्या द्रव्याला रोखतात, पण ही खाज मुख्यतः त्याची नसते. डॉक्टर स्टेरॉइडचे मलम देतात. तोंड सुजले, डोळे मिटले किंवा पुरळ अंगभर पसरली तर पोटातून स्टेरॉइड देतात व मात्रा दोन-तीन आठवड्यांत उतरवत नेतात. चार दिवसांत बरे वाटले म्हणून ते थांबवले की पुरळ पुन्हा उसळते. दुकानातून विचारून आणलेले, बुरशी, जंतू व खाज तिन्हींवर चालणारे मिश्र मलम मात्र टाळलेलेच बरे. फोडांत पू झाला किंवा ताप आला तर दवाखाना गाठावा.

फोडांतल्या पाण्याने दुसऱ्याला लागण होत नाही. खाज गेल्यावरही काळे डाग काही महिने राहू शकतात. ज्याला बिब्बा उततो त्याने आंब्याचा चीक आणि काजूच्या टरफलाचे तेल यांपासूनही हात जपावेत.