मेच्या उन्हात 190 ची कॅनॉपी 164 ची होते

छत्रपती संभाजीनगर समुद्रसपाटीपासून साधारण 580 मीटर उंचीवर आहे. मे महिन्यात दुपारी तिथे पारा 40 अंशांवर जातो तेव्हा एक घनमीटर हवेचं वजन सुमारे 1.05 किलो भरतं. समुद्रकाठी, 15 अंश तापमानाला, हेच वजन 1.225 किलो असतं. कॅनॉपी, म्हणजे स्कायडायव्हिंगचं पंखासारखं उडणारं पॅराशूट, निवडताना जे आकडे तोंडपाठ सांगितले जातात, त्यांत हवेचा हा फरक धरलेला नसतो. मराठवाड्यातून या खेळाकडे वळणाऱ्याला शिकायला बाहेर जावं लागतं. समुद्रकाठच्या ड्रॉप झोनवर, म्हणजे उड्यांच्या मैदानावर, शिकून, तिथल्या हवेत हात बसवून, तिथल्याच हिशेबाने तो कॅनॉपी विकत घेतो. तीच कॅनॉपी पठारावरच्या उन्हाळ्यात उघडली, की ती त्याच्या ओळखीची राहत नाही.

डोमिना जालबर्ट यांनी 1964 साली हवेने फुगणाऱ्या पंखाची कल्पना प्रत्यक्षात आणली. कापडाचे दोन थर, मध्ये उभ्या पडद्यांनी केलेले कप्पे, पुढची बाजू उघडी. पुढून हवा शिरते आणि कापड ताठ पंख होतं. या पंखाला इंजिन नाही. त्याला पुढे ढकलतं ते खाली लटकलेलं वजन, आणि हे वजन किती कापडावर वाटलं गेलंय यावर वेग ठरतो. या भागाकाराला विंग लोडिंग म्हणतात: कपडे, हेल्मेट, मुख्य आणि राखीव (रिझर्व्ह) अशी दोन्ही पॅराशूट धरून उडी घेतानाचं एकूण वजन पौंडांत, भागिले कॅनॉपीचं क्षेत्रफळ चौरस फुटांत.

एक हिशेब मांडू. तरुणाचं वजन 78 किलो, सगळ्या सामानाचं 13 किलो, एकूण 91 किलो म्हणजे 200 पौंड. 190 चौरस फुटांच्या कॅनॉपीवर लोडिंग 1.05 येतं, 170 वर 1.18, 150 वर 1.33, 135 वर 1.48. बरेच जण इथेच चुकतात. घरच्या काट्यावरचं स्वतःचं वजन धरतात आणि सामानाचे 13 किलो विसरतात. 150 च्या कॅनॉपीवर ही चूक 0.19 ची पडते.

वेग लोडिंगच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. 1.0 वरून 1.4 वर गेलं तर वेग 18 टक्क्यांनी वाढतो, ऐकायला फार वाटत नाही. पण जमिनीवर आदळताना हाडांना झेलावी लागते ती ऊर्जा, आणि ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे सरळ 40 टक्क्यांनी वाढते.

हवा विरळ झाली की तेच वजन पेलायला पंखाला जास्त वेगाने जावं लागतं. चाळीस अंशांच्या दुपारी संभाजीनगरला हवेची घनता प्रमाण हवेपेक्षा (समुद्रकाठच्या 15 अंशांच्या हवेपेक्षा) इतकी कमी असते, की कॅनॉपी सुमारे 8 टक्के जास्त वेगाने उडते. लोडिंग 16 टक्क्यांनी वाढवल्यावर जो वेग आला असता, तोच हा. आपल्या तरुणाचं 1.05 हे 1.22 सारखं वागतं. म्हणजे वेगाच्या हिशेबात त्याची 190 ची कॅनॉपी 164 ची होते आणि 150 ची 129 ची. तिथेच डिसेंबरच्या सकाळी, 12 अंशांना, 190 ची जवळपास 180 ची असते. कापड तेच, दोऱ्या त्याच, माणूस तोच. मेच्या दुपारची ही हवा प्रमाण वातावरणातल्या सुमारे 1,550 मीटर उंचीवरच्या हवेइतकी पातळ असते, म्हणजे महाबळेश्वरच्याही वरची. त्यात वारा पडलेला असला, तर समोरून येऊन जमिनीवरचा वेग कमी करणारंही काही उरत नाही. वाऱ्याविना तापलेली दुपार ही उतरायला सगळ्यात अवघड वेळ.

खेळात रूढ असलेला एक ढोबळ नियम असा: पहिल्या 100 उड्यांपर्यंत लोडिंग 1.0 च्या वर नेऊ नये आणि पुढे दर 100 उड्यांमागे फार तर 0.1 वाढवावं. म्हणजे 1.4 पर्यंत पोचायला 500 उड्या. हा नियम बरा आहे, पण त्यात आपल्या उन्हाची भर घालायला हवी. 100 उड्या झालेल्या 200 पौंडांच्या माणसाला नियमाने 200 चौरस फूट लागतात. मेमध्ये पठारावर उडायचं असेल तर 230. हा आकडा ऐकून तरुण नाराज होतात, कारण 230 ची कॅनॉपी शिकाऊ माणसाची समजली जाते. तरीही आकडा बदलत नाही.

हलक्या वजनाच्या माणसाला हा नियम आणखी एका ठिकाणी फसवतो. 52 किलोच्या मुलीचं सामानासह वजन 65 किलो, म्हणजे 143 पौंड. तिने 135 ची कॅनॉपी घेतली तर लोडिंग 1.06, त्या तरुणाच्या 190 इतकंच. कागदावर दोघं सारखे दिसतात. पण लहान कॅनॉपीच्या दोऱ्याही आखूड असतात, इथे साधारण 16 टक्क्यांनी. माणूस दोरीखाली लंबकासारखा लटकलेला असतो आणि आखूड लंबक लवकर झोका घेतो. टॉगल, म्हणजे वळायला आणि ब्रेक लावायला हातात धरायची मूठ, तेवढाच ओढला तरी तिची कॅनॉपी जास्त झटक्यात वळते आणि लवकर नाक खाली घालते. म्हणून 150 पेक्षा लहान कॅनॉपी घेताना लोडिंग नियमाहून कमीच ठेवावं.

आकारमान ठरल्यावर प्रश्न येतो रूपाचा. आयताकृती किंवा किंचित निमुळती कॅनॉपी चुका पोटात घालते. परफॉर्मन्स डिझाइन्स या पॅराशूट कंपनीची सेबर 3 या दुसऱ्या गटात येते. त्याच कंपनीची स्टिलेटो पूर्ण लंबवर्तुळाकार, नऊ कप्प्यांची. टोकं निमुळती असल्याने ती हार्नेसमध्ये (अंगावरच्या पट्ट्यांत) एका बाजूला नुसतं वजन टाकलं तरी वळते. हेच गुण उघडताना उलटतात: दोऱ्यांना पीळ पडला आणि अंग एका बाजूला कललेलं असलं तर कॅनॉपी गरगरत खाली घुसते. चौकोनी कॅनॉपीवर पाय मारून पीळ सोडवायला जेवढा वेळ मिळतो, तेवढा इथे मिळत नाही. मुख्य कॅनॉपी तोडून रिझर्व्ह उघडण्याचा निर्णय फार लवकर घ्यावा लागतो. वेलोसिटीसारख्या कॅनॉपीत कप्प्यांच्या आत तिरपे पडदेही असतात. सात कप्प्यांचे एकवीस भाग होतात आणि पंख जवळजवळ सपाट, घट्ट राहतो. या कॅनॉपी जास्त लोडिंगवरच नीट उडतात. काही शे उड्यांच्या माणसाने त्यांचा विचारच करू नये. आकारमान आणि रूप एकाच वेळी तर कधीच बदलू नये. आधी 190 वरून 170, तेही त्याच जातीचं. ते अंगवळणी पडल्यावर, वाटल्यास, 170 चंच निमुळतं रूप.

या खेळातल्या गंभीर अपघातांत एका प्रकाराचा वाटा मोठा आहे, आणि त्यात पॅराशूट फाटलेलं किंवा गुंतलेलं नसतं. डोक्यावर धडधाकट, पूर्ण उघडलेली कॅनॉपी असते आणि माणूस जमिनीजवळ जोरात वळतो. डावा टॉगल खेचला की कॅनॉपी डावीकडे कलते आणि माणूस जत्रेतल्या फिरत्या पाळण्यासारखा बाहेर फेकला जातो. पंखाचा आधार आता तिरपा लागतो, सरळ वर लागत नाही, म्हणून कॅनॉपी खाली सुटते. टॉगल सोडला तरी हे लगेच थांबत नाही. माणूस परत पंखाखाली येईपर्यंत ती घसरतच राहते. शिकाऊ कॅनॉपी यातून पटकन सावरते. हाय परफॉर्मन्स कॅनॉपीचं नाक मुळातच खाली झुकवून बांधलेलं असतं, ती शेकडो फूट घसरते. निष्णात माणूस हीच घसरण मुद्दाम वापरतो आणि ताशी 100 किलोमीटरच्या पुढच्या वेगाने जमिनीला समांतर सरकत जातो. त्याने ती किती उंचीवर सुरू करायची हे शेकडो उड्यांत मोजून घेतलेलं असतं. घाबरून वळणाऱ्याने काहीच मोजलेलं नसतं.

घाबरायचे प्रसंग आपल्याकडे पुष्कळ आहेत. वाऱ्याचा अंदाज चुकून मैदान हुकलं की खाली असतं कुणाचं तरी रान. वेचणी संपल्यावर कापलेल्या पऱ्हाटीचे टोकदार खुंट, नांगरटीची ढेकळं, कठडा नसलेल्या विहिरी, आणि सगळ्यात वाईट म्हणजे शेतपंपांच्या विजेच्या तारा. वरून तार दिसतच नाही. खांब शोधायचे, खांबांच्या सावल्या शोधायच्या, आणि दोन खांबांच्या मध्ये तार आहेच असं धरून चालायचं. उतरायची जागा 1,000 फुटांच्या वर असतानाच ठरवायची. रानात नांगराच्या तासांच्या दिशेने उतरायचं, तासांना आडवं उतरलं की पाय अडकतो. 100 फुटांवर तार दिसली, तर दोन्ही टॉगल अर्ध्यापर्यंत ओढायचे आणि जिकडे वळायचं त्याच्या उलट हात थोडा वर सोडायचा. कॅनॉपी न कलता, फार उंची न गमावता सपाट वळते. मग वारा आडवा असला तरी तसंच उतरायचं. आडव्या वाऱ्याने फार तर लोळण घ्यावी लागते. वाऱ्याकडे तोंड करायच्या हट्टाने घेतलेल्या शेवटच्या वळणाने मांडीचं हाड मोडतं.

म्हणून कॅनॉपी निवडावी ती आपल्या सर्वांत वाईट उतरण्याच्या मापाने. लहान कॅनॉपीकडे जाण्याआधी हाताशी असलेल्या मोठ्या कॅनॉपीवर हे सगळं जमलं पाहिजे: 90 अंशांचं सपाट वळण, फ्लेअर (उतरताना दोन्ही टॉगल ओढून वेग मारणं) करता करता दिशा बदलणं, वाऱ्याला आडवं उतरणं, वारा पडलेला असताना उभ्याने उतरणं, आणि दहापैकी आठ-नऊ वेळा 10 मीटरच्या वर्तुळात पाय टेकणं. टॉगलची दोरी तुटली तर मागचे रायझर (दोऱ्या हार्नेसला जोडणारे पट्टे) ओढून उतरता येतं का, हेही उंचावर करून पाहिलेलं असावं. यातलं एकही अडखळत असेल, तर लहान कॅनॉपी ते शिकवत नाही, फक्त जास्त वेगाने अडखळवते.

लहान कॅनॉपीच्या बाजूने एक खरा मुद्दा मांडला जातो: जास्त लोडिंग असलेला पंख घट्ट फुगतो, हवेच्या बारीक हिसक्यांना दाद देत नाही. बरोबर आहे. पण एप्रिल-मेमध्ये काळ्या रानावर उठणारी वावटळ बारीक नसते. तिच्यात कॅनॉपी दुमडली, तर जास्त लोडिंगवाली जास्त वेगाने खाली येते. वावटळीची धूळ दिसते तोवर ठीक. हिरव्या उसावरून जाते तेव्हा तीही दिसत नाही. शिवाय वाऱ्याच्या खालच्या अंगाला, झाडाच्या किंवा इमारतीच्या उंचीच्या दहा ते वीस पट अंतरापर्यंत हवा ढवळलेली असते. 10 मीटरच्या कडुनिंबामागे 100 ते 200 मीटर जागा सोडावी. उन्हाळ्यात उड्या सकाळी नऊच्या आत संपवाव्यात.

मुख्य कॅनॉपी लहान घेतली की पाठीवरची पिशवी लहान येते आणि तिच्याबरोबर रिझर्व्हही लहान होतो. या गोष्टीकडे फार कमी लक्ष दिलं जातं. रिझर्व्हवर तुम्ही कधी उतराल, तर मुख्य कॅनॉपी बिघडलेली असताना, कदाचित बेशुद्ध अवस्थेत, टॉगलला हात न लावता. त्या वेळी मोठं कापडच वाचवतं. सायप्रससारखं स्वयंचलित यंत्र हा रिझर्व्ह उघडतं. त्याची नेहमीची प्रत 225 मीटरच्या आसपास, पडण्याचा वेग सेकंदाला 35 मीटर असेल तर चालते. जोरदार घसरण घेणाऱ्याचा वेग उघड्या कॅनॉपीखालीही तिथपर्यंत जाऊ शकतो, म्हणून अशांसाठी सेकंदाला 43 मीटर वेगावर चालणारी वेगळी प्रत आहे. कॅनॉपी बदलताना हे यंत्रही तपासून घ्यावं.

जुनी कॅनॉपी घेणार असाल तर कापडाआधी दोऱ्या बघा. स्पेक्ट्रा या कृत्रिम धाग्याच्या दोऱ्या स्लायडरच्या (उघडण्याचा झटका कमी करायला दोऱ्यांवरून खाली सरकणाऱ्या कापडाच्या) घर्षणाने तापून आक्रसतात, आणि सगळ्यांत जास्त आक्रसतात त्या बाहेरच्या आणि ब्रेकच्या. ब्रेकची दोरी आखूड झाली की टॉगल पूर्ण वर असतानाही कॅनॉपीची शेपटी खाली ओढलेली राहते. तिचा वेग कमी होतो, फ्लेअरला दम राहत नाही, पुढचे रायझर ओढले की ती हिसके देते. तपासणी सोपी आहे. हवेत टॉगल पूर्ण वर सोडून मान वर करा. ब्रेकच्या दोऱ्या मागे कमानीसारख्या सैल दिसल्या पाहिजेत आणि टॉगल 10-15 सेंटिमीटर ओढेपर्यंत शेपटी हलता कामा नये. व्हेक्ट्रन आणि एचएमए या दुसऱ्या धाग्यांच्या दोऱ्या आक्रसत नाहीत, पण त्या झिजतात आणि फारशी सूचना न देता तुटतात. काही शे उड्यांनंतर पूर्ण संच बदलण्याचा खर्च किमतीत धरूनच सौदा करा.

नव्या कॅनॉपीच्या पहिल्या उडीत 10,000 फुटांच्या आसपास लगेच उघडा. खाली येता येता टॉगल हळूहळू ओढून ती कुठे थांबते, कुठे मागे पडते ते बघा, आणि ती जागा छातीशी की कमरेशी हे लक्षात ठेवा. पाच-सहा वेळा हवेतच फ्लेअर करा. एक पूर्ण गोल वळण घेऊन उंची दाखवणाऱ्या अल्टिमीटरवर किती फूट गेले ते वाचा; तो आकडा म्हणजे तुम्हाला वळायला मनाई असलेली उंची, त्यात निम्म्याने भर घालून. आकारमान कमी करायचंच असेल तर ते नोव्हेंबरमध्ये करा. हवा जड असते, वारा सकाळी एकसारखा वाहतो, आणि 180 सारखी वागणारी 190 ची कॅनॉपी 164 सारखी वागू लागेपर्यंत मध्ये पाच महिने हाताशी राहतात.